पाइपच्या गॅसवर कुकिंग रेंज बसवताना : आमचा मुलुंडचा अनुभव

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस बरीच वर्षं आहे. ओट्यावर काचेची तीन बर्नरची शेगडी, भिंतीवरून आलेला पिवळा पाइप, कपाटात मीटर आणि दोन महिन्यांनी बिल. त्यापलीकडे गॅसकडे लक्ष द्यायची वेळ कधी आली नव्हती. मग मी घरून नानकटाई आणि केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले. दिवाळीत छोट्या ओटीजीने, म्हणजे विजेच्या ओव्हनने, जीव काढला, एका वेळी एकच ट्रे. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ठरलं की वर चार बर्नर आणि खाली गॅसचा ओव्हन अशी उभी कुकिंग रेंज घ्यायची.

ठरलं जानेवारीत आणि पहिली नानकटाई त्यातून निघाली एप्रिलमध्ये. मधल्या काळात मी शोधून शोधून वाचत होते, पण सलग असं मराठीत काही हाती लागलं नाही. रेंजसोबत येणाऱ्या पुस्तिका परदेशी घरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या. त्यांत ओटा कापायचा असतो, सोसायटीची परवानगी काढायची असते, याचा पत्ताच नसतो. म्हणून जे झालं ते क्रमाने, पैशांसकट लिहून ठेवतेय.

जानेवारीचे दोन रविवार ठाण्यातल्या शोरूममध्ये गेले. विक्रेते रंग, वरचं काचेचं झाकण, आत फिरणारी सळई यांवर भरभरून बोलतात. मला हवं ते मात्र खोदून खोदून विचारावं लागलं. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का, आणि होत असेल तर चारही बर्नरचा की फक्त ओव्हनचा? ही सोय असते तिथे बर्नरशेजारी एक बारीक धातूची काडी उभी दिसते. ती थर्मोकपल. ती तापलेली असेल तोवरच आतली झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली की काडी गार होते आणि झडप मिटते. बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय ओव्हनपुरतीच होती. वरच्या बर्नरनाही ही सोय असलेलं मॉडेल साडेतीन-चार हजारांनी महाग पडत होतं. नवऱ्याने आणि मी रंगावर तडजोड केली, यावर नाही.

आणखी एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. गॅसची नळी रेंजला मागे जिथे जोडतात ती जागा उजवीकडे आहे की डावीकडे? ओव्हनची पाठ चांगलीच तापते, त्यामुळे नळी त्या पाठीमागून आडवी नेता येत नाही. म्हणजे रेंजचा जोड आणि भिंतीवरचा कॉक एकाच बाजूला हवेत. ओव्हनच्या दाराला दुहेरी काच आहे का तेही बघून घ्या. घरात आठ वर्षांची मुलगी आहे आणि ओव्हनचं दार बरोबर तिच्या छातीशी येतं.

सगळं जमून आलेली रेंज ३८,५०० रुपयांना ठरली. दुकानदाराने "पाइप गॅसचे जेट सोबत येतील" असं तोंडी सांगितलं (जेट म्हणजे बर्नरमधला बारीक भोकाचा दाणा, त्यातून गॅस येतो), ते मी बिलावर लिहून घेतलं. पुढे हीच ओळ कामाला आली.

रेंज ठेवायला ओटा कापावा लागणार होता आणि ओटा कापायला सोसायटीची परवानगी लागणार होती. अर्ज, कामाचं वर्णन, कामगारांची ओळखपत्रं, १०,००० रुपये अनामत (परत मिळणारी), डेब्रिजचे १,५०० (न मिळणारे). कामाची वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा, रविवारी बंद. सेक्रेटरी काकांनी अर्ज वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, ओटा काय हवा तेवढा कापा. पण गॅसच्या पाइपला तुमचा माणूस हात लावणार नाही असं लिहून द्या." तेव्हा मला हा नसता सोपस्कार वाटला होता. आता वाटतं, प्रत्येक सोसायटीने हे लिहून घ्यायला हवं.

आमच्या भिंतीवरचा गॅसचा कॉक नेमका तिथे होता जिथे रेंजची पाठ येणार होती. रेंज बसली की कॉक तिच्यामागे गडप. उद्या बर्नरवर भडका उडाला तर गॅस बंद करायला ज्वाळेवरून हात घालावा लागणार, किंवा पन्नासेक किलोची रेंज ओढून बाहेर काढावी लागणार. कॉक हवा बाजूला, हात सहज पोचेल असा आणि डोळ्यांसमोर. ओट्याच्या कामासाठी आलेल्या प्लंबरने बघितलं आणि म्हणाला, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे. आठशे द्या, आत्ता सरकवून देतो." नळाचा पाइप असता तर मीही हो म्हटलं असतं. गॅसच्या पाइपला गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम आहे आणि त्याला कारण आहे. जोड सुटा राहिला तर पाण्यासारखा थेंब दिसत नाही.

मग गॅस कंपनीकडे पाइप सरकवण्याचा अर्ज केला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. बिलावरचा ग्राहक क्रमांक, घराच्या मालकीचा कागद आणि ओट्याचा एक हाताने काढलेला नकाशा दिला. (भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं संमतीपत्र आधी तयार ठेवा.) पाहणीला माणूस यायला दोन आठवडे लागले. आला तो मात्र कामाचा माणूस होता. त्याने टेप लावून मापं घेतली आणि मी दाखवलेली नवी जागा पहिल्याच फटक्यात नाकारली. ती विजेच्या प्लगच्या फार जवळ होती. दुसरी जागा सुचवली, ओट्याच्या डाव्या टोकाला, प्लगपासून लांब, कमरेच्या उंचीवर. मग त्याने मीटरचं कपाट उघडलं आणि मान हलवली.

आमच्या सुताराने किचन ट्रॉलीचं काम करताना मीटर एका सुंदर, घट्ट बसणाऱ्या लॅमिनेटच्या दारामागे लपवला होता. "हे असं चालणार नाही. दाराला वर आणि खाली जाळी करून घ्या, नाहीतर काम होणार नाही." मी विचारलं, वर कशाला? त्यावर त्याने जे सांगितलं त्याने माझी गॅसची सगळी समजूत पालटली.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. तो हवेपेक्षा जड, जवळपास दीडपट ते दुप्पट. गळला की जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, फ्रिजखाली, मोरीत जाऊन साचतो. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, निम्म्याहून थोडा जास्त वजनाचा. गळला की वर जातो आणि माळ्याखाली, छताच्या कोपऱ्यात, बंद कपाटाच्या वरच्या फळीत गोळा होतो. त्याला बाहेर जायला वाट वर हवी. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत पूर्वी जाळी किंवा तिरक्या काचा असायच्या. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या आणि त्या जाळ्या गेल्या. आमच्याही गेल्या होत्या. सुताराला बोलावून कपाटाला जाळीचं दार केलं, १,२०० रुपये. खिडकीच्या वरच्या पट्टीत पुन्हा झडपा बसवल्या, त्याचे ९००.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. त्या चिपळूणहून येऊन-जाऊन असतात आणि तिकडे सिलिंडर. त्यांची रोज रात्रीची रीत ठरलेली : रेग्युलेटर बंद करायचा, मग वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, ओट्याखाली नाक नेऊन वास घ्यायचा. सिलिंडरसाठी ते अगदी बरोबर आहे. मुंबईत आल्या की इथेही त्या तसंच वाकायच्या. म्हटलं, "आई, इथला गॅस खाली जात नाही, वर जातो." त्यांनी वर छताकडे बघितलं आणि विचारलं, "मग तिथे नाक कसं न्यायचं?" प्रश्न रास्त होता. न्यावं लागत नाही. दोन्ही गॅसना मुळात वास नसतो. मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा तो सडका वास अगदी थोड्या गळतीतही खोलीभर जाणवतो. स्फोट व्हायला हवेत एलपीजी साधारण दोन टक्के असला तरी पुरे होतं, पाइपच्या गॅसला पाच टक्के लागतात. त्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतं. अर्थात नाक ठिकाणावर असेल तर. सर्दी झालेल्या माणसाच्या भरवशावर राहू नका.

खर्चाचा आकडा मेसेजवर आला, पैसे ऑनलाइन भरले, सगळं मिळून जीएसटीसकट अडीच हजारांच्या आत. ठरावीक लांबीच्या पुढे पाइप लागला तर दर मीटरमागे आणखी पैसे पडतात, आमचं तेवढ्यात भागलं. मग वाट बघणं. महाशिवरात्र गेली, धुळवड गेली. दर दोन-तीन दिवसांनी फोन, आणि दर वेळी "दोन दिवसांत माणूस येईल". तक्रार क्रमांक लिहून ठेवण्यासाठी मी फ्रिजवर एक कागद लावला. तारीख, कोणत्या वेळी फोन केला, काय उत्तर मिळालं. तो कागद समोर धरून बोलायला लागल्यावर पलीकडचा आवाज बदलला, हे मात्र खरं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं जण आले. तोवर ग्रॅनाइटवाल्याने ओटा कापून ठेवला होता. रेंजची रुंदी ६० सेंटिमीटर, कापला ६२, दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा राहावी म्हणून. खालचा कडप्प्याचा एक उभा आधार काढून तो बाजूला नव्याने लावावा लागला, नाहीतर उरलेला ओटा लटकला असता. पाणी मारत कापा म्हणून सांगा, कोरडा कापला तर धूळ पार देवघरापर्यंत जाते. हे काम ७,००० ला पडलं. जागा ठरवताना खिडकीचा वारा थेट बर्नरवर येणार नाही, शेजारी फ्रिज नाही आणि पडदा नाही, एवढं पाहिलं होतं. चिमणी बर्नरपासून ७० सेंटिमीटर वर राहील असं मापही आधीच घेतलं होतं.

पाइपवाल्यांचं काम बघण्यासारखं होतं. मुख्य कॉक बंद केला, उरलेला गॅस जाऊ दिला, पाइप कापला, आटे पाडले, नवा तुकडा जोडला. मग दाब देऊन गेज लावलं आणि दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघत बसले. शेवटी साबणाचा फेस. एका जोडावर त्यांनी ब्रशने फेस लावला तर एक बारीकसा बुडबुडा हळूहळू फुगायला लागला. वास नाही, आवाज नाही, फक्त तो फुगत जाणारा बुडबुडा. त्यांच्यातल्या एकाने जोड पुन्हा सोडवला, टेप बदलला, आवळला, पुन्हा फेस. आता फेस नुसता बसून राहिला. आठशे रुपयांत अर्ध्या तासात करून देणाऱ्याने हा फेस लावला असता का, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. काम झाल्याची पावती त्यांच्या सहीसकट घ्या आणि जपून ठेवा.

ओटा कापल्यापासून पुढे सगळा स्वयंपाक इंडक्शनवर चालला होता. गुढीपाडव्याची पुरणपोळीही त्यावरच. ती कशी झाली ते विचारू नका.

रेंज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली आणि अपेक्षेप्रमाणे जेट नव्हतेच. पाठीवरच्या पट्टीवर स्वच्छ छापलेलं, एलपीजी, ३० मिलिबार (म्हणजे गॅसचा दाब). पाइपचा गॅस घरात २१ मिलिबारच्या आसपास येतो आणि त्याच्यात तेवढ्याच आकारमानात उष्णताही निम्म्याहून कमी असते. त्यामुळे त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. दुकानदार म्हणाला, "असंच लावा, चालतं, ज्योत जरा बारीक येईल." बिलावरची ओळ दाखवली. चार दिवसांनी रेंजच्या कंपनीचा टेक्निशियन जेट घेऊन आला. भेटीचे ५९० रुपये लागले, जेटचे नाही.

तो काम करत असताना मी शेजारी स्टूल टाकून बसले. बर्नरची टोपी आणि कडं उचललं की आत खोल एक पितळी दाणा दिसतो, हरभऱ्याएवढा. तोच जेट. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. मोठ्या बर्नरमधून निघालेल्या जेटवर ८५ होतं, बसवला त्याच्यावर ११५. वरचे चार झाले, मग ओव्हनचा आणि ग्रिलचा. ओव्हनचा बदलायला आतला तळाचा पत्रा काढावा लागतो. तो न काढता "झालं" म्हणणारे असतात, म्हणून समोर बसा. नुसते जेट बदलून भागत नाही. बारीक आचेचा स्क्रू प्रत्येक बटणाखाली असतो, तोही नव्या गॅसवर लावून घ्यावा लागतो. त्याने परीक्षा छान घेतली. ओव्हन पेटवला, बर्नर सिमवर ठेवले आणि ओव्हनचं दार दोनदा जोरात उघड-बंद केलं. एका बर्नरची ज्योत विझली. स्क्रू अर्धा आटा फिरवला, पुन्हा दार आपटलं. राहिली.

ज्योत निळी, आतला शंकू टोकदार, कडा स्थिर. शेंडे पिवळे दिसले तर हवा कमी पडतेय, भांड्याची बूडं काळी होणार. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी फडफडत असेल तर हवा जास्त. जुने जेट त्याने पिशवीत घालून दिले. ते रेंजच्या मागेच टेपने चिकटवून ठेवले आहेत आणि पट्टीवर "पाइप गॅस" असा नवा स्टिकर लावून घेतला आहे. उद्या आम्ही ही रेंज कोणाला दिली आणि त्याने ती तशीच सिलिंडरला जोडली तर? मोठ्या भोकातून जास्त दाबाचा, जास्त उष्णतेचा गॅस. ज्वाळा हातभर येतील.

नळी आयएसआय खुणेची, आत तारेचं अस्तर असलेली घेतली, ३५० रुपये, लांबी दीड मीटरच्या आत. त्यावर छापलेलं वर्ष बघून घ्या, दुकानात वर्षानुवर्षं पडलेली नळी मिळते. विजेचा प्लग (ठिणगी आणि आतल्या दिव्यासाठी) रेंजच्या मागे न ठेवता बाजूला घेतला. आणि पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली : रेंजच्या पाठीला भिंतीशी बांधणारी साखळी. ओव्हनचं उघडं दार म्हणजे एक तरफ असते. त्यावर जड ट्रे ठेवला किंवा एखादं मूल चढलं की रेंज पुढे कलंडते, आणि वर उकळतं तेल असू शकतं.

त्याच संध्याकाळी ओव्हन रिकामाच पूर्ण आचेवर अर्धा तास चालवला. कारखान्यातलं तेल आणि लेप जळून जाण्यासाठी हे करावं लागतं. घरभर असा काही उग्र वास सुटला की सासूबाई देवघरातून उठून आल्या. आधीच सांगून ठेवलं होतं तरीही. खिडक्या, चिमणी, सगळं उघडं ठेवून हे करा आणि शेजाऱ्यांनाही कल्पना द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरची परीक्षा घेतली. ही कोणालाही घरच्या घरी करता येते. सगळी बटणं बंद, कॉक मात्र उघडे. मीटरचे शेवटचे लाल आकडे लिहून ठेवायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचे. हलले नसतील तर सुखाने चहा टाका. हलले असतील तर कॉक बंद करून गॅस कंपनीला फोन. मी ही परीक्षा आता महिन्यातून एकदा घेते, बिलासाठी रीडिंग घ्यायचं असतंच.

मग पहिली नानकटाई. क्रॉफर्ड मार्केटमधून नवे ट्रे आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला होता. थर्मामीटर आणाच, कारण गॅस ओव्हनच्या बटणावरचा १८० आणि आतला १८० यांत आमच्याकडे वीस अंशांचा फरक निघाला. ओव्हन पेटवताना दार उघडं ठेवायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घेतला. बटण दाबून काही सेकंद धरायचं, ज्योत धरली की सोडायचं. पंधरा सेकंदांत पेटला नाही तर बटण बंद, दार उघडंच, निदान एक मिनिट थांबायचं आणि मगच पुन्हा. बंद दारामागे साचलेल्या गॅसला ठिणगी देणं यासारखं वाईट काही नाही.

योग असा की त्याच महिन्यात अग्निशमन सप्ताह होता. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. आमच्या सोसायटीने रविवारी, २० तारखेला, आवारात प्रात्यक्षिक ठेवलं. कढईत तेल पेटवलं आणि लांब दांड्याला बांधलेल्या डब्यातून त्यात जेमतेम पेलाभर पाणी ओतलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत ज्वाळा गेली. गॅलरीत उभे असलेले आत पळाले. पाणी तापलेल्या तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं आणि जवळपास सतराशेपट फुगून पेटतं तेल वर उडवतं. दुसऱ्या वेळी तीच कढई पेटवून नुसतं झाकण सरकवलं. विझली. इतकंच. झाकण वरून न टाकता बाजूने सरकवत न्यायचं, गॅस बंद करायचा आणि तेल गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. आता तळण असलं की कढईच्या मापाचं झाकण शेजारी ठेवल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही. आग विझवायचा पावडरचा दोन किलोचा सिलिंडर (१,४०० रुपये) घेतला, पण तो ओट्याच्या वर न लावता स्वयंपाकघराच्या दाराशी लावला. आग ओट्यावर लागली तर तो घ्यायला आगीकडे का जायचं?

रोजच्या वापरात सवय लागायला वेळ लागलेल्या गोष्टी थोड्याच. भांड्यांचे दांडे आत वळवलेले. काचेचं झाकण बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय खाली नाही, तापलेल्या बर्नरवर ते मिटलं तर काचेचा चुरा होतो. ओव्हनच्या तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची नाही. साफसफाई वाचते म्हणून खूप जणी हे करतात, पण तळाची भोकं बुजली की ज्योतीला हवा मिळत नाही. आणि नायलॉनचा गाऊन घालून तळण नाही, यावर माझी आणि सासूबाईंची अजून चर्चा चालू आहे.

वास आलाच तर काय, हे फ्रिजवरच्या त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय. बटणं बंद, कॉक बंद, खिडक्या उघड्या. कुठलंही बटण चालू नाही की बंद नाही. एक्झॉस्ट पंखासुद्धा नाही, कारण बटणातल्या ठिणगीनेच घात होतो. फोन घराबाहेर, जिन्यात जाऊन. गॅस कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, अग्निशमन दल १०१. चिपळूणच्या घरासाठी सिलिंडरच्या गळतीचा १९०६ हा क्रमांक सासूबाईंच्या मोबाइलमध्ये भरून दिला.

जून उजाडला आणि एक नवी अडचण आली जिची पुस्तिकेत एक ओळ होती. कपडे वाळत नाहीत, स्वयंपाकघर मात्र ऊबदार. एके दिवशी मी बघते तर मुलीचे शाळेचे मोजे ओव्हनच्या दांडीवर आणि आत बेकिंग चालू. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "उष्णता फुकट जात होती." मोजे काढले आणि त्याला समोर बसवलं. शिवाय पावसाची झड येते म्हणून तेव्हा खिडक्याही लावलेल्या होत्या. ओव्हन तासन्तास चालला, हवा कोंडलेली राहिली आणि ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यात मरकॅप्टनही नसतं. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं, एवढीच त्याची खूण. बाथरूममधल्या गॅस गिझरने होणाऱ्या मृत्यूंमागे हाच वायू असतो. म्हणून मोठ्या ऑर्डरीच्या दिवशी पाऊस आत आला तरी खिडकी चार बोटं उघडी आणि चिमणी चालू. ओट्यावर जुना टॉवेल अंथरून ठेवते. पाणी पुसता येतं.

सगळा खर्च जोडला तर रेंज सोडून साधारण पंधरा-सोळा हजार झाला, सोसायटीची अनामत धरली नाही तर. बिलाचं म्हणाल तर बेकिंग जास्त असलेल्या महिन्यांत गॅस जवळपास दीडपट जळतो. तुलना करायची असेल तर १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे ढोबळमानाने १८ घनमीटर पाइप गॅस, त्यावरून आपापला हिशेब मांडता येईल. नळी बदलायचं वर्ष आणि दर एप्रिलमधली सर्व्हिसिंग दोन्ही मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकली आहेत.

अनामतीच्या दहा हजारांचा चेक अजून यायचाय. सेक्रेटरी काकांनी सही केली आहे, खजिनदार गणपतीला कोकणात गेलेत.